सायनसचं ऑपरेशन करावं की नाही? सारखे विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणालाही ईएनटीवाल्यांनी ऑपरेशन सांगितलं की "हिचं झालंय, हिला विचारा" म्हणून माझा नंबर दिला जातो. मग फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पॉलिपवाली (म्हणजे नाकात मऊ गाठी वाढलेली) जुनी पेशंट आहे, त्यामुळे हे वाचून चालू औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांसमोर बसल्यावर नीट प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी हे आहे.

मला खरंच सायनस आहे का? डोकं तर रोज दुखतं.

नुसतं डोकं दुखतं, नाक मोकळं आहे, शेंबूड नाही, वास व्यवस्थित येतो, असं असेल तर बहुतेक सायनस नाही. हे लोकांना अजिबात पटत नाही कारण दुखतं नेमकं कपाळात आणि डोळ्यांच्या मागे, खाली वाकलं की ठणकतं, हवा बदलली की वाढतं, मग सायनसच असणार. पण मायग्रेन पण तसंच दुखतं आणि मायग्रेनमध्ये नाक वाहू शकतं, डोळ्यातून पाणी येऊ शकतं. २००४ मध्ये अमेरिकेत "आम्हाला सायनसची डोकेदुखी आहे" म्हणणारे जवळपास ३००० लोक तपासले तर त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसत होती. आता अशा माणसाच्या सायनसचं ऑपरेशन केलं तर डोकेदुखी कुठे जाणार, ती जिथे आहे तिथेच राहणार.

जुनाट सायनस म्हणायला साधारण असा नियम आहे की त्रास सलग १२ आठवडे किंवा जास्त हवा, नाक चोंदणं किंवा घट्ट शेंबूड (पुढून येवो नाहीतर मागून घशात उतरो) यातलं एक तरी हवंच, त्याच्या जोडीला चेहऱ्यावर दाब वाटणं किंवा वास कमी येणं, आणि वर दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये ते दिसायला पण हवं. दुर्बीण न घालता, नुसता बाहेरून टॉर्च मारून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर मी तरी तिथून उठून येईन.

सीटीच्या रिपोर्टमध्ये "सायनसायटिस" छापून आलंय, म्हणजे ऑपरेशन लागणारच ना?

नाही. रिपोर्ट लिहिणारा फोटो बघून लिहितो, तुम्हाला बघून नाही. साध्या सर्दीत काढलेला सीटी पण भरलेलाच दिसतो. १९९४ मध्ये एक अभ्यास झाला होता, नुकतीच सर्दी झालेल्या ३१ धडधाकट माणसांचे सीटी काढले, तर २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये (म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीत) काहीतरी सापडलं, आणि त्यातल्या काहींचा दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढला तर बहुतेकांचं कुठलंही अँटिबायोटिक न घेता आपोआप निवळलं होतं. म्हणून ऑपरेशन ठरवण्यासाठीचा सीटी भर सर्दीत काढायचा नाही, आधी औषधांचा नीट कोर्स करायचा, मग काढायचा, आणि त्यात जे उरलेलं दिसेल ते खरं. उलट बाजूनेही हेच, सीटी बऱ्यापैकी भरलेला आणि माणूस मजेत, असेही लोक असतात, त्यांना कशाला टेबलावर घ्यायचं.

"नाकाचं हाड वाढलंय" आणि "नाकात मांस वाढलंय" असं सांगितलंय. ते काढलं की सायनस जाईल का?

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या जातात आणि मग गोंधळ होतो. हाड म्हणजे बहुतेक वेळा नाकाच्या मधला पडदा वाकडा असणं, ते खूप जणांना असतं आणि अनेकांना कधी कळतही नाही. मांस म्हणजे कधी टर्बिनेट, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचे मांसल उंचवटे, ते प्रत्येकाच्या नाकात असतातच, अ‍ॅलर्जीने सुजतात. आणि कधी मांस म्हणजे पॉलिप, ते द्राक्षाच्या घोसासारखं फिकट, सायनसमधून खाली लोंबत येतं. पहिल्या दोन्हींनी नाक बंद होतं पण त्यामुळेच सायनस बिघडलाय असं दर वेळी नसतं. पडदा सरळ केल्याने श्वास सुधारतो, आणि कधी दुर्बीण आत जायला जागा हवी म्हणून पण करतात, ठीक आहे. पण टर्बिनेट भसाभस कापून टाकायला नको, फार कापले तर नाक आतून कोरडं पडतं आणि रिकामं असूनही श्वास पुरत नाही असं वाटत राहतं, त्यावर मग इलाज फार अवघड. तर विचारायचं, नेमकं काय काढणार, किती काढणार आणि कशासाठी.

औषधं सगळी करून झाली, काही फरक नाही. आता अजून किती दिवस?

इथे जरा थांबते कारण माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

"सगळं करून झालं" म्हणजे काय केलं असं विचारलं की निघतं हे: दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स, सर्दीच्या गोळ्या, वाफ, आणि नाक मोकळं करायचे थेंब. यातली एकही गोष्ट जुनाट सायनसचा मूळ इलाज नाही. जुनाट सायनस हा बऱ्याच जणांमध्ये जंतूंपेक्षा सुजेचा आजार असतो, आतलं अस्तर सुजलेलं राहतं, त्यामुळे सायनसची नाकात उघडणारी तोंडं बंद होतात आणि मग साचलेल्यात जंतू वाढतात. सारखी सारखी अँटिबायोटिक्स घेऊन पोट बिघडतं, जंतू निगरगट्ट होतात आणि सूज तिथेच राहते.

मूळ इलाज दोन, दोन्ही कंटाळवाणे. एक म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, नुसता फवारा नाही तर २४० मिलीच्या दाबायच्या बाटलीने भरपूर पाण्याने, रोज. दुसरा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, मोमेटासोन, फ्लुटिकासोन असले, रोज, आणि निदान ८ ते १२ आठवडे. लोक चार दिवस मारतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून ठेवून देतात. हा स्प्रे मारल्या मारल्या नाक उघडणारा नाहीच, तो आठवड्यांनी काम करतो.

आणि मारायची पद्धत चुकते. मान मागे टाकून, नळी मधल्या पडद्याकडे रोखून, जोरात ओढून घेतलं की औषध घशात जातं आणि पडद्याला इजा होऊन रक्त येतं. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे, आणि श्वास हलकेच. आधी नाक धुवायचं, मग दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. "स्टेरॉइड" शब्दाला घाबरून सासूबाईंनी बंद करायला लावला असंही ऐकलंय, तर या नव्या स्प्रेंमधलं औषध रक्तात जवळजवळ जातच नाही, गोळ्यांची गोष्ट वेगळी. पॉलिपवाल्यांना कधी डॉक्टर आठवडा-दोन आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्याने वास परत येतो आणि माणूस खूश होतो, पण त्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या नसतात आणि डायबेटिसवाल्यांची शुगर त्यात भडकते.

आता ते झटक्यात नाक उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं बाटलीवर बारीक लिहिलेलं असतं. पाच-सात दिवसांच्या वर घेतले की त्यांचीच सवय लागते, थेंब उतरले की नाक आणखी चोंदतं. उशाखाली, पर्समध्ये, गाडीत अशा जागोजागी बाटल्या ठेवणारी माणसं मी पाहिलीत. त्यांनी आधी ते सोडवायचं, डॉक्टरांच्या मदतीने, मग बाकीचं बघायचं.

हे दोन्ही तीनेक महिने इमानदारीने करूनही जगणं अवघड असेल तर "करून झालं" म्हणायला हरकत नाही.

जलनेती केली तर चालेल का? लोणावळ्याला शिकलेय.

चालेल की, तत्त्व तेच आहे, बाटलीने जरा जास्त आतपर्यंत पाणी पोचतं इतकाच फरक. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं नको, बोअरचं नको, विहिरीचं तर नकोच, आणि घरच्या आरओचं पण थेट नको. केरळमध्ये २०२४-२५ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या केसेस पेपरात आल्या होत्या, तो अमिबा प्यायलेल्या पाण्यातून होत नाही, नाकातून गेलेल्या पाण्यातून होतो. फार दुर्मिळ आहे, पण झाला तर वाचणं कठीण, आणि टाळायला एक उकळी पुरते. प्रमाण साधारण बाटलीभर पाण्याला पाव ते अर्धा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम, आणि चिमूट खाण्याचा सोडा. झोंबलं तर मीठ कमी-जास्त झालंय असं समजायचं.

वाफारा, ओव्याची पुरचुंडी, सुंठेचा लेप, अणुतेल?

बरं वाटतं, म्हणून करा, मीही ओव्याची पुरचुंडी हुंगते. पॉलिप त्याने जात नाही. वाफ घेताना पातेलं अंगावर सांडून भाजलेल्यांची संख्या काही कमी नाही, तेवढं सांभाळा, लहान मुलांना तर उकळत्या पातेल्याजवळ बसवूच नका. नाकात तेल घालत असाल तर ईएनटीवाल्यांना सांगा, लपवू नका.

मग ऑपरेशन खरंच कुणाला लागतं?

काही प्रकारांत फार विचार करायचा नसतो. सायनसमध्ये बुरशीचा गोळा असेल तर तो औषधाने विरघळत नाही, काढावाच लागतो, आणि काढला की बहुतेकांचं काम तिथेच संपतं. अ‍ॅलर्जीवाली बुरशी, म्हणजे आत पीनट बटरसारखा चिकट घट्ट चिखल साचतो आणि पॉलिप येतात, ही आपल्यासारख्या उष्ण आणि दमट हवेत बरीच दिसते, तिला पण ऑपरेशन लागतं आणि वर नंतर स्टेरॉइड पण लागतं. सायनस फुगत जाऊन डोळ्याच्या किंवा कपाळाच्या हाडावर दाब देत असेल, ज्याला म्युकोसील म्हणतात, ते पण. डोळा सुजून पुढे आला, एकाचे दोन दिसायला लागले, कपाळावर गुबगुबीत सूज आली, ताप आणि मान ताठ, तर हे सगळं "करावं का" या प्रश्नातलं नाहीच, रिक्षा करा आणि कॅज्युअल्टीत जा.

म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) तर २०२१ मध्ये आपण महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलाय. शुगर हाताबाहेर गेलेली, नुकतंच बरंच स्टेरॉइड झालेलं, आणि एका बाजूचा गाल बधिर, दात हलायला लागलेले, नाकातून काळपट काही येतंय, तिथे दिवस नाही तास मोजायचे.

बाकी राहिले आपल्यासारखे, म्हणजे जिवाला धोका नाही पण जगण्याचा वैताग आलेले. इथे ऑपरेशन ही निवड आहे, सक्ती नाही, आणि ती निवड तुमच्या त्रासावर ठरते, सीटी किती पांढरा दिसतो त्यावर नाही. डॉक्टर लोक त्यासाठी २२ प्रश्नांची एक यादी वापरतात, स्नॉट-२२ म्हणतात तिला, नाक, झोप, थकवा, चिडचिड सगळ्याला ० ते ५ गुण, एकूण ११०. ज्यांचा आकडा २० च्या आत असतो त्यांना ऑपरेशनने फारसा फरक जाणवत नाही कारण सुधारायला जागाच नसते. तीसच्या वर असलेल्यांना चांगला फरक पडायची शक्यता बरीच जास्त. भरून बघा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि औषधांच्या आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा भरलं तर आपलं आपल्यालाच कळतं की फरक पडलाय की नाही.

माझं एकाच बाजूला आहे, दुसरी नाकपुडी एकदम ठणठणीत.

मग थांबू नका, नीट तपासून घ्या. एकाच बाजूचा सायनस म्हणजे बुरशीचा गोळा, क्वचित गाठ, किंवा दात. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसला अगदी चिकटून असतात, रूट कॅनॉल बिघडलं, इम्प्लांट आत गेलं की सायनस भरतो. शेंबडाला घाण वास येत असेल तर आधी डेंटिस्ट गाठा. दात तसाच ठेवून वरती ऑपरेशन केलं तर ते पुन्हा भरतं, आणि दात दुरुस्त केल्यावर कधी कधी ऑपरेशन लागतच नाही. पन्नाशीनंतर एकाच बाजूने सारखं रक्त येत असेल तर अजिबात रेंगाळायचं नाही.

ऑपरेशनमध्ये करतात काय? बाहेरून कापतात का?

नाही, सगळं नाकपुडीतून, दुर्बिणीने. पूर्वी वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर कापून गालाच्या हाडाला भोक पाडायचे, कॉल्डवेल आणि ल्यूक या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी १८९० च्या दशकातली पद्धत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ज्या भयंकर कहाण्या सांगितल्या असतील त्या बहुतेक त्यातल्याच. मग ऑस्ट्रियात ग्राझ इथे मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघून दाखवलं की सायनसमधला चिकटा आपल्या मर्जीने वाहत नाही, आतल्या बारीक केसांसारख्या तंतूंनी तो ठरलेल्या नैसर्गिक तोंडाकडेच ढकलला जातो, तुम्ही खाली दुसरं मोठं भोक पाडलंत तरी तो त्या भोकाला वळसा घालून जुन्या तोंडाकडेच जातो. म्हणजे नवं भोक पाडून उपयोग नाही, मूळ तोंड मोकळं करायचं. तेच पुढे त्यांचे शिष्य स्टामबर्गर आणि अमेरिकेत केनेडी यांनी १९८० च्या दशकात पसरवलं, आणि आज एफईएसएस किंवा फेस म्हणतात ते हेच. पूर्ण भूल, साधारण एक ते दोन तास, पॉलिप फार असतील तर जास्त.

केल्यावर कायमचं जातं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचंच उत्तर लोकांना नको असतं. ऑपरेशन तोंडं उघडतं, सुजायची प्रवृत्ती काढत नाही. तोंडं उघडली की तेच मिठाचं पाणी आणि तोच स्प्रे आता आतपर्यंत पोचतो, आधी तो दारातच अडत होता. म्हणजे ऑपरेशन केल्यावर स्प्रे सुटत नाही, उलट आता कुठे तो कामाला लागतो. ज्यांना वाटतं की एकदा कापलं की सुटलो, तेच दोन-तीन वर्षांनी "ऑपरेशन फेल गेलं" म्हणत फिरतात.

आकडे म्हणाल तर इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत पाच वर्षांत साधारण पाचातल्या एकाला पुन्हा ऑपरेशन लागलं, पॉलिपवाल्यांना थोडं जास्त, बिनपॉलिपवाल्यांना थोडं कमी. फायदा होतो की नाही यावर पण दोन चाचण्या सांगण्यासारख्या आहेत आणि गंमत म्हणजे वरवर बघता दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. नेदरलँडमध्ये २०२२ मध्ये आलेल्या एकीत पॉलिपवाले २३८ पेशंट घेतले, अर्ध्यांना ऑपरेशन अधिक औषधं आणि अर्ध्यांना नुसती औषधं, वर्षाने स्नॉट-२२ मध्ये फरक निघाला जेमतेम ५ गुणांचा, जो माणसाला जाणवतो त्या ९ गुणांपेक्षा कमी. आणि ब्रिटनमधली २०२५ ची दुसरी, ५१४ पेशंट, सगळ्यांना स्प्रे आणि नाक धुणं होतंच, त्यात सहा महिन्यांनी ऑपरेशनवाले स्पष्टपणे पुढे, आणि तीन महिने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेले नुसत्या खोट्या गोळीवाल्यांइतकेच. यातून मी माझ्यापुरतं असं काढलं की औषधाने ज्याचं भागतंय त्याला ऑपरेशन फार काही जास्त देत नाही, ज्याचं औषधाने खरंच भागत नाही त्याला देतं. आणि महिनोन्महिने अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर दोन प्रश्न विचारायचे.

अजून एक गोष्ट, दमा आहे, पॉलिप आहेत आणि अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळीने धाप लागते, असं तिन्ही असेल तर डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगा. या लोकांचे पॉलिप हट्टी असतात, परत येतात, आणि ऑपरेशननंतर चुकून ती पेनकिलर दिली गेली तर जिवावर बेतू शकतं.

डोळ्याला, मेंदूला धक्का लागतो म्हणतात.

जागाच तशी आहे. डोळा आणि सायनस यांच्यात कागदासारखं पातळ हाड, वर मेंदूची तळजमीन. गंभीर गोष्टी, म्हणजे डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं, फार रक्तस्राव, या सरावाच्या हातात शंभरात एकाहून कमी होतात. कमी म्हणजे शून्य नाही आणि डॉक्टरांनी हे स्वतःहून सांगायला हवं. पुन्हा पुन्हा केलेल्या ऑपरेशनमध्ये खाणाखुणा नाहीशा झालेल्या असतात म्हणून तिथे धोका जास्त, तिथे नॅव्हिगेशन, म्हणजे हत्यार नेमकं कुठे आहे ते सीटीवर दाखवणारं यंत्र, असलेलं बरं. घरी आल्यावर डोळा सुजला, काळानिळा पडला, दिसायला कमी झालं, रक्त थांबेना, किंवा खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ खारट टपटप येतंय, तर सकाळची वाट बघायची नाही.

वासाचं काय? पॉलिपवाल्यांचा बऱ्याचदा सुधारतो, मला फोडणीचा वास परत आला तेव्हा मी उगाचच दोनदा लसणाची फोडणी केली. पण खात्री कुणी देऊ नये.

दुखतं का? सुट्टी किती टाकू?

अपेक्षेपेक्षा कमी दुखतं आणि अपेक्षेपेक्षा जास्त चोंदतं. पॅक (रक्त थांबवायला नाकात भरतात तो) घातला असेल तर तो काढेपर्यंतचा एक-दोन दिवसांचा काळ वाईट, तोंडाने श्वास, घसा कोरडा, झोप नाही. आता विरघळणारे पॅक पण मिळतात, किंवा काही ठिकाणी पॅक घालतच नाहीत, विचारून ठेवा. ऑफिसला साधारण आठवडा, धुळीचं किंवा वजन उचलायचं काम असेल तर दोन. तेवढ्यात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, खाली वाकून बादली उचलायची नाही, जिम नाही, विमान डॉक्टर म्हणतील तेव्हा. चष्मा चालतो.

जे कुणी सांगत नाही ते म्हणजे नंतरची साफसफाई. आठवड्याने आणि मग पुन्हा पुन्हा क्लिनिकमध्ये बसवून आतल्या खपल्या आणि चिकटा सक्शनने काढतात, बधिर करून करतात पण डोळ्यातून पाणी येतंच. ते चुकवलं तर आत चिकटून बसतं आणि केलेलं तोंड पुन्हा बंद. ऑपरेशन दुसऱ्या शहरात करून घेणाऱ्यांनी हे आधी धरून चालावं, गावाहून पुण्याला परत परत यायला जमणार आहे का.

आणि आधी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, काय चालू आहे ते सगळं सांगा. हार्टवाल्यांनी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, तुमचे हार्टवाले आणि ईएनटीवाले एकमेकांशी बोलू देत. दमा आणि शुगर ताब्यात हवी. सिगारेट सोडायची असेल तर हीच वेळ, ओढत राहिलात तर आतलं भरून यायला त्रास होतो.

खर्च आणि इन्शुरन्स?

आकडा सांगत नाही कारण शहर, रूम, नॅव्हिगेशन, मायक्रोडिब्रायडर (आत कापून खेचून घेणारं यंत्र) याचं ब्लेड, पॅक यांनी तो कुठल्या कुठे जातो. एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात भूलतज्ज्ञ आणि नंतरची साफसफाई धरली आहे का ते विचारा. पॉलिसी नवीन असेल तर सावध, बऱ्याच पॉलिसींमध्ये नाक-कान-घशाच्या साध्या आजारांना दोन वर्षं थांबावं लागतं, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत तर २४ महिन्यांच्या यादीत ते लिहिलेलंच आहे. दोन महिन्यांनी ती मुदत संपत असेल आणि तुमचं तातडीचं नसेल तर दोन महिने स्प्रे मारत बसलेलं काय वाईट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा. सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांत, ससून, केईएम, नायर, सायन, ही ऑपरेशन्स रोजची आहेत, वेळ जातो, पण हात तयार असतात.

बलून? लेझर? ती महागडी इंजेक्शनं?

बलूनने तोंड ताणून रुंद करतात, काही मोजक्या लोकांत चांगलं, पॉलिप असतील तर उपयोग नाही. लेझरची जाहिरात बघून भुलू नका, कशाने कापतात यापेक्षा कोण कापतंय ते महत्त्वाचं. इंजेक्शनं म्हणजे डुपिलुमॅबसारखी बायोलॉजिक्स (शरीरातले सूज आणणारे संदेश अडवणारी औषधं), पॉलिपसाठी अमेरिकेत २०१९ पासून मंजूर, ज्यांचे पॉलिप ऑपरेशननंतरही येतच राहतात आणि दमा पण आहे त्यांना खरंच फरक पडतो, पण चालू ठेवावी लागतात आणि आपल्याकडे बहुतेकांच्या खिशाबाहेर आहेत.

लहान मुलाला सांगितलंय.

मुलांत आधी अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागे असलेली टॉन्सिलसारखी गाठ) बघतात, खूपदा तेवढं काढून भागतं. नाकात पॉलिप असलेलं लहान मूल मात्र साधं प्रकरण नाही, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची तपासणी करायला सांगतील, घाबरू नका, करून घ्या.

नाहीच केलं तर काय होईल?

वरचे तातडीचे प्रकार सोडले तर बहुतेकांना सहा महिने, वर्ष थांबल्याने काही भयंकर होत नाही. "आत्ता नाही केलंत तर मेंदूत जाईल" असं साध्या जुनाट सायनसला सांगून घाबरवणं मला पटत नाही. हां, वास गेलेला असेल आणि दमा सारखा उसळत असेल तर वर्षानुवर्षं ढकलण्यातही शहाणपण नाही, नाक शांत झालं की दमा पण खूप जणांचा सुधारतो.

दुसरं मत घ्यायला जाताना काय नेऊ?

सीटीची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नाही. आजवर काय औषध, किती आठवडे, हे एका कागदावर. आणि विचारायचं: मला पॉलिप आहेत का, बुरशी वाटते का, दात बघायला हवा का, कोणते कोणते सायनस उघडणार, पडद्याला हात लावणार का, नंतर किती दिवस स्प्रे, आणि मी तुमच्या घरचा पेशंट असतो तर आत्ता केलं असतं का. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर जरा थांबून उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात करावं की उन्हाळ्यात?

ऋतूचं काही नाही, थिएटरमध्ये एसीच असतो. बघायचं एवढंच की पुढचे दोन आठवडे घरात लग्न, रंगकाम किंवा फरशी बदलायचं काम काढलेलं नको, लगेच दिवाळीच्या धुरात किंवा गाजर गवत माजलेल्या शेतात जायचं नको, आणि साफसफाईच्या तारखांना तुम्ही गावात हवेत. तारखेच्या आधल्या दोन-चार दिवसांत ताप, नवी सर्दी किंवा छातीत घरघर सुरू झाली तर लगेच फोन करून कळवा, भूलतज्ज्ञ बहुतेक पुढची तारीख देतील.